साधनाच्या नावाची बाटली

माझं काम वाईन तोंडात घेऊन थुंकण्याचं आहे. जालन्यात हे कुणालाही पटवून सांगता येत नाही. थुंकायची तर घ्यायची कशाला आणि घ्यायची तर थुंकायची कशाला, असे दोन पक्ष आमच्या घरातच आहेत. पहिल्या पक्षात माझी आई, रजनी; ती नातेवाइकांना मी ‘फळप्रक्रियेत’ आहे असं सांगते. दुसऱ्या पक्षात वडील, दीनानाथ, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. आयुष्यात एक थेंब न पितासुद्धा त्यांना वाया गेलेल्या मालाचं वाईट वाटतं. मी मधुवंती. आधी नाशिकला, मग पुण्याला आणि आता काही वर्षांपासून परत इथे, अंबड रस्त्याच्या एका वायनरीत. कुठल्या टाकीतली वाईन बाटलीत भरायची आणि कुठली ओतून द्यायची, हे ठरवायला कंपनीने मला ठेवलं आहे. निदान माझी तरी तशी समजूत होती.

इतक्या वर्षांत या धंद्याची थेरं मी कमी पाहिली नाहीत. सुरुवातीला सगळ्यांना गोड हवी असायची, सरबतासारखी. मग लाकडाची चव हवी झाली. तेव्हा टाकीत लाकडाचे तुकडे सोडले आणि बाटलीवर पिंपाचं चित्र छापलं. मग नैसर्गिक वाईनचं खूळ आलं. वाईन गढूळ निघाली, आंबूस निघाली, तिला गोठ्याचा वास आला, तरी तो दोष नाही, तो म्हणे तिचा स्वभाव. हल्ली डब्यातली निघाली आहे, दारूच नसलेली निघाली आहे, आणि ज्या पोरांसाठी हे सगळं चाललं आहे ती मुळात पीतच नाहीत, फोटो काढतात. फोटोखाली लिहायला गोष्ट लागते. त्यामुळे आमच्याकडे आता वाईन कमी आणि गोष्टी जास्त तयार होतात.

सगळ्यांत जास्त डोकं फिरायचं ते वासांच्या नावांनी. शिकत असताना आम्हाला परदेशी फळांचे वास पाठ करायला लावले. ती फळं मी चित्रातसुद्धा नीट पाहिली नव्हती. कुप्यांतला अर्क हुंगायचा आणि परीक्षेत नाव लिहायचं. मला वाईनमध्ये जे वास यायचे ते वेगळेच होते: भिजलेलं गोणपाट, उन्हात तापलेला कडबा, मोंढ्यात लिलावाला आलेली मिरची, रसवंतीच्या चरकाखालचा चोथा. असलं काही लिहिलं की वरचे लोक खोडून टाकायचे. हे कुणाला कळणार, म्हणायचे. आपल्या मातीतल्या द्राक्षाची वाईन आपल्या वासांनी लिहायची, या हौसेपायी मी इकडे परत आले. मला या हौसेचा अभिमान होता.

कंपनीला द्राक्षं देणाऱ्यांत घनसावंगीकडचे अंगदराव होते. कंपनीच्या करारात बाग त्यांची, पण बागेत कायम त्यांची बायको साधना. छाटणी तिची, घडांची विरळणी तिची, पानाला बुरशी आली तर पहाटे मला फोनही तिचाच. अंगदराव कापूस आणि ऊस बघायचे आणि बागेतलं काही विचारलं की म्हणायचे, “तिला इचारा.” आमची वाईनची द्राक्षं खायच्या द्राक्षांसारखी नसतात, मणी बारीक, साल जाड, आत बियाच बिया. गावातली माणसं तोंडात टाकून थुंकायची आणि असलं काय लावलं म्हणून हसायची. साधना चिडायची नाही. तिला ती बाग आवडायची, एवढंच खरं.

एकदा ती ट्रॅक्टरवर बसून तोडलेल्या मालाबरोबर वायनरीत आली आणि मला म्हणाली, आमच्या द्राक्षाचं काय होतं ते चाखू तर द्या. मी आदल्या वर्षीची वाईन तिला घोटभर दिली. तिने ती थुंकली नाही, गिळली, आणि पदराने तोंड पुसलं.

“ताई, हे तर खोकल्याच्या औषधावानी लागून राह्यलं.”

मी इतकी हसले की मला बसावं लागलं. त्या वाईनला दोन बक्षिसं मिळालेली होती. मग तिने बाटली फिरवून वरचं नाव वाचलं.

“ही कोण?”

“मालकांची नात.”

“तिनं बाग बघितली का कधी?”

“नाही बहुतेक. ती बाहेरदेशी शिकते.”

“मंग आमचं बी टाका कधी नाव. माझं तसं कुठंच न्हाई. वावर सासूच्या नावचं, मोटार ह्यांच्या नावची, तुमचा करार बी ह्यांच्याच नावचा.” ती हे हसतच म्हणाली, आणि ट्रॅक्टरवर चढून गेलीसुद्धा.

गेल्या जानेवारीत ती गेली. बागेच्या बांधाला लागून कडूबांचं उसाचं वावर आहे. ऊस कारखान्याला गेला की मागे गुडघाभर पाचट उरतं, म्हणजे उसाची वाळलेली पानं. ती सगळेच जाळतात. जाळू नका म्हणून पाट्या लागतात आणि पाटीच्या बाजूलाच जाळ होतो. कडूबांनीही दुपारी वारा पडलेला बघून काडी लावली, आणि मग वारा सुटला.

आग बागेत शिरलीच नाही. बांधावरच्या हिरव्या गवताशी थांबली. शिरला तो धूर. ठिबकच्या नळ्या वितळू नयेत म्हणून साधना पाणी सोडायला ओळीच्या दुसऱ्या टोकाला धावली होती. द्राक्षाच्या बागेत दोन ओळींमधून सरळच चालावं लागतं, आडवं निघता येत नाही. दोन्ही अंगाला तारा आणि वेल असतात. धूर दोन्ही तोंडांनी आत आला. ती सापडली तेव्हा अंगावर भाजल्याचा एक डागही नव्हता. मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा अंगदराव हेच पुन्हा पुन्हा सांगत होते, जो येईल त्याला. एक डाग न्हाई मॅडम, एक बी न्हाई.

द्राक्षं मात्र झकास होती. तेरावा झाल्यावर गावानेच तोडणी केली. सगळ्यांत आधी कडूबा आले आणि सगळ्यांत शेवटी गेले. मला तेव्हाच शंका होती. रंग भरत असलेल्या मण्यावर धूर बसला की तो सालीत मुरतो. तेव्हा काही कळत नाही. द्राक्ष चाखा, रस चाखा, गोडच लागतं. रस आंबून वाईन झाली की तो हळूहळू मोकळा होतो, आणि बाटलीतही होत राहतो. मी हे ऋषीला सांगितलं. ऋषी कंपनीची विक्री बघतो, पुण्याचा, मालकांचा भाचा. तो म्हणाला, “मधुवंती, त्यांच्या घरात काय झालंय, आणि आपण त्यांचा माल परत पाठवायचा? कसं दिसेल ते?” कसं दिसेल हाच त्याचा नेहमीचा प्रश्न असतो, पण त्या दिवशी मलाही तो बरोबर वाटला.

शेवटच्या खेपेबरोबर अंगदराव स्वतः आले. टोपी हातात घेऊन ऋषीसमोर उभे राहिले.

“साहेब, एक इनंती होती. ह्या खेपेच्या बाटलीवर तिचं नाव टाका. तिनं ह्या मॅडमला म्हणून ठेवल्तं.”

ऋषीने तिथल्या तिथे शब्द दिला. या मालाची टाकी वेगळी, बाटली वेगळी, वर नाव ‘साधना’. त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. ऋषी वाईट माणूस नाही. पण भरल्या डोळ्यांनीही त्याला गोष्ट दिसते, कारण तोच त्याचा धंदा आहे.

त्या टाकीला मी उन्हाळाभर जपलं. दर आठवड्याला चाखायची. आधी फक्त जांभळाचा वास होता आणि मला आशा वाटली. मग मागून काहीतरी यायला लागलं, आणि पावसाळा सुरू होईतो ते पुढे येऊन बसलं. तोंडात घेतल्यावर ठीक वाटायचं. थुंकल्यावर खरं कळायचं. घशात राख उरायची, आणि पाणी प्यायलं, भाकरी खाल्ली तरी जायची नाही. मी लहानपणापासून हा धूर ओळखते. जानेवारीत कुठल्याही बाजूने जालन्यात शिरा, तो नाकात येतो. पण तो मी कधी प्यायले नव्हते. एकदा टाकीपाशी उभी असताना मला साधनाच्या शेवटच्या श्वासात हेच गेलं असणार असं वाटलं आणि मी ग्लास तिथेच ठेवून बाहेर आले.

मग मी टेबलाशी बसून अहवाल लिहिला. रागाने लिहिला, आणि अगदी नेमका लिहिला. वाचणाऱ्याला ती बाटलीत भरायची हिंमत होऊ नये, अशा बेताने लिहिला. ‘आधी जांभूळ आणि काळी मिरी. मग पाचट जळतानाचा धूर, त्याला गुळाच्या काहिलीची कड. शेवटी घशात ओली राख, आणि ती बराच वेळ जात नाही. दोष गंभीर आहे. बाटलीत भरू नये.’

ऋषी अहवाल घेऊन माझ्या खोलीत आला तो उभ्या उभ्या वाचतच.

“काय लिहिलंयस गं! इतक्या वर्षांत असलं काही वाचलं नाही मी. पाचट, काहील, ओली राख. हे सगळं इथलं आहे, बाकी कुणाकडे नाही.”

“खालचं वाक्य वाचलंस का?”

“वाचलं. पण दोष कोण ठरवतं? गोठ्याचा वास चालतो, मग धूर का नाही चालत?”

“ऋषी, ज्यात ती बाई मेली तो धूर आहे हा.”

तो खुर्चीत बसला. मला वाटलं, डोक्यात शिरलं एकदाचं. मग तो हळू आवाजात, अगदी गंभीरपणे म्हणाला, “म्हणूनच ती लोकांपर्यंत जायला हवी.”

त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. मी गाडी काढली आणि अंगदरावांकडे गेले. वाटलं, त्यांनीच नको म्हटलं तर कंपनीला बाटली काढता येणार नाही. ते ओट्यावर बसले होते, आणि त्यांची आई साळूबाई आत तांदूळ निवडत होत्या. मी आडपडदा न ठेवता सांगितलं. तुमची वाईन बिघडली आहे, त्यात धूर उतरला आहे, ती ओतून द्यावी असं माझं मत आहे.

“त्या दिसाचा धूर?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“बघू द्या.”

हा माणूस जन्मात दारूच्या वाटेला गेलेला नाही. मी नमुन्याची बाटली उघडली, साळूबाईंनी स्टीलचा पेला आणून दिला आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. अंगदरावांनी एक घोट घेतला. मी थुंका म्हणाले, पण त्यांनी गिळला. मग गळ्यावरून हात फिरवत म्हणाले, “राख राहून राह्यली हितं.”

“म्हणूनच म्हणते. पुढल्या वर्षी चांगला माल येईल, तेव्हा आपण नाव टाकू. मी स्वतः बघेन.”

“पुढल्या सालच्या वेली तिनं थोड्याच छाटल्या असत्यान मॅडम? हा शेवटचा माल आहे तिच्या हातचा.” त्यांनी पेला खाली ठेवला. “खराब असंल तर असू द्या. जाऊ द्या बाजारात. नाव तर निघंल.”

मी परत आले आणि ती टाकी बाटलीत भरायच्या परवानगीवर सही केली.

दिवाळीच्या सुमाराला बाटली बाजारात आली. काळी बाटली, वर बारीक अक्षरांत ‘साधना’, आणि मागे माझे शब्द, शेवटची दोन वाक्यं सोडून. आयुष्यभर मला जसं लिहायचं होतं तसं पहिल्यांदा छापून आलं ते हे. माल बघता बघता संपला. मुंबईतल्या हॉटेलांतली माणसं ‘पाचट’ हा शब्द घोळवून घोळवून म्हणायला लागली. एका मोठ्या परीक्षकाने लिहिलं की या वाईनमध्ये मराठवाड्याचं दुःख आहे. त्याने मराठवाडा विमानातून पाहिला असेल तर असेल. मला अभिनंदनाचे फोन आले आणि मी फोन बंद करून ठेवला.

अंगदरावांना ऋषीने एक बाटली घरी नेऊन दिली. साळूबाईंनी दारू घरात नको म्हणून ती परसात ओतायला लावली, धुतली, आणि रिकामी बाटली साधनाच्या फोटोशेजारी ठेवली. लग्नाला किंवा लेकराच्या नामकरणाला बोलवायला आलेल्या माणसालाही अंगदराव ती हातात घेऊन दाखवायचे. हे पाहा, नाव. बोट फिरवून दाखवायचे. मी स्वतः हे पाहिलं आणि मनात म्हटलं, जाऊ दे, या माणसाला एवढं तरी मिळालं. तोपर्यंत मला त्या वाईनची चीड येणंही बंद झालं होतं.

डिसेंबरात बैठक झाली. ऋषी म्हणाला, “‘साधना’ आता दरवर्षी काढायची. तीच बाग, तीच चव.”

“तीच चव कशी येईल?” मी म्हटलं. “तो धूर होता.”

“पण येतो कसा तो नेमका? मला कधी नीट कळलंच नाही.”

मला वाटलं, एकदा नीट समजावून सांगितलं तर हा विषय कायमचा मिटेल. म्हणून मी शिकवायला बसले. मणी रंग धरायला लागल्यापासून तोडणीपर्यंत त्याच्यावर धूर बसला तरच सालीत मुरतो; एरवी नाही. काळ्या द्राक्षात जास्त उतरतो, कारण ती सालीसकट आंबवतात. “तर मग काय,” मी शेवटी चिडून म्हटलं, “दर जानेवारीत त्या माणसाच्या बागेत धूर करणार आहेस का तू?”

“छे गं, सहज विचारलं.” तो हसला. मग सगळ्यांकडे बघून म्हणाला, “पण चव आली नाही तर नाव बदलावं लागेल, हे खरं. लोक त्या नावाने ती चव मागतात.”

जानेवारी संपत आला तेव्हा मी नेहमीसारखी बागांच्या फेरीला निघाले. अंगदरावांच्या शिवारात वळले तर बागेवर धूर दिसला. पांढरा, जड, जमिनीलगत सरकणारा. मी गाडी बांधापाशी सोडली. तिथे कडूबा उभे होते, एकटेच. म्हातारा वर्षभरात निम्मा झाला होता.

“कडूबा, पुन्हा जाळलं तुम्ही?” मी ओरडलेच.

“न्हाई बाई, शपथ. माझं वावर बघा तुम्ही.” त्यांनी हात केला. त्यांच्या सगळ्या वावरात पाचट तसंच पसरलेलं होतं, कुजायला ठेवलेलं. “ह्या साली काडी बी लावली न्हाई. इथून पुढं बी लावणार न्हाई. अंगदरावानंच माझ्या हितून पाचटाच्या ट्रॉल्या भरून नेल्या. कशाला नेतो म्हणून इचारलं तर बोलला न्हाई. आन् मी त्याला न्हाई कोणत्या तोंडानं म्हणू?”

मी पदर नाकाला लावून आत गेले. बागेच्या वरच्या अंगाला, जिकडून वारा येतो तिकडे, पाचटाचे ढीग ओळीने घातलेले होते. अंगदराव ओलं उपरणं तोंडाला बांधून एका ढिगावर पाणी शिंपडत होते. जाळ कमी आणि धूर जास्त व्हावा म्हणून. डोळे लाल झालेले. मला पाहून त्यांनी उपरणं खाली ओढलं, आणि त्यांना खोकला आला तो थांबेचना.

“बरं झालं तुम्ही आल्या,” ते दम घेत म्हणाले. “बराबर होऊन राह्यलं का, तेवढं बघा.”

“काय करताय हे?”

“ऋषी साहेबाचा फोन आल्ता. मण्याला रंग आला की धूर पाह्यजे म्हणले. तुम्हीच सांगितलं म्हणले तसं.”

“कधीपासून चाललंय?”

“संक्रांतीपासून. रोज दुपारी, वारा असला की.”

“अंगदराव, अहो, ती याच धुरात...”

“मला ठाऊक न्हाई का ते?” ते एकदम मोठ्याने म्हणाले. मग आवाज उतरला. “रोज पहिली काडी इझवूनच टाकतो मॅडम. पण चव आली न्हाई तर नाव काढून टाकतो म्हणले साहेब. एका सालात काढून टाकायचं? लोकायला म्हाईत व्हायला लागलंय आता कुठं.”

ते मला ओळीत घेऊन गेले. घड काळेभोर झाले होते, गच्च भरलेले, आणि पानांवर राखेची पूड बसली होती. त्यांनी एक घड हातात धरला, पुसला आणि माझ्यापुढे केला.

“खाऊन सांगा. आला का?”

द्राक्षात तो कळत नाही. त्यांना तेव्हा कुणी हे सांगितलं नव्हतं. मला त्यांना सांगता आलं असतं की आत्ता काही समजणार नाही, वाईन झाल्यावरच समजेल. आणि मग ते तोडणीपर्यंत रोज जाळत राहिले असते. मी मणी तोंडात टाकला आणि चावला. गोड लागला. नुसता गोड, साधनाच्या वेळी लागायचा तसाच.

“आलाय,” मी म्हणाले.

“पक्कं?”

“पक्कं. चांगला उतरलाय. आता बास करा. याहून जास्त झाला तर वाईन कडू होईल आणि कंपनी घेणार नाही.”

पहिल्यांदाच मी चाखून खोटं बोलले. यंदाच्या मालात धूर किती आला, पुरेसा आला की नाही, मला काही माहीत नव्हतं. अंगदरावांच्या चेहऱ्यावर मात्र असं समाधान आलं की मला तिकडे बघवेना. त्यांनी लगोलग पाइप ओढला आणि ढिगांवर पाणी सोडलं. पाचट चर्र करून विझायला लागलं.

“आई,” त्यांनी हाक दिली, “लागला म्हणतात मॅडम. झालं काम.”

साळूबाई घराच्या ओट्यावरून उतरून, पदर तोंडाशी धरून, हळूहळू बांधापर्यंत आल्या. विझणाऱ्या ढिगांकडे बघत उभ्या राहिल्या.

“बाई,” त्या मला म्हणाल्या, “म्हंजी दर साली असंच जाळावं लागंल का आता?”

उत्तर अंगदरावांनीच दिलं, पाइप एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर फिरवत, एखादं साधं शेतीचं काम ठरवावं तसं.

“दर साली कडूबाकडं कुठं मागत बसायचं? पुढल्या साली बागेच्या वरल्या अंगाला आपणच ऊस लावून टाकू. मंग पाचट घरचं होईल.”